जट : केसांचा गुंता, देवीचा कौल आणि नागपुरात मंजूर झालेला कायदा

#इतिहासधागा

१/ डिसेंबर २०१३. नागपूरच्या विधानभवनात हिवाळी अधिवेशन चालू होते. १३ डिसेंबरला विधानसभेने आणि १८ डिसेंबरला विधान परिषदेने एक विधेयक मंजूर केले. त्याचे अधिकृत नाव नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथांपासून सुरू होते आणि पुढे बरेच लांबते. लोक त्याला सुटसुटीतपणे ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतात. त्याच्या अनुसूचीत १२ प्रकार दिलेले आहेत. त्यांत भूत उतरवण्यासाठी केलेली मारहाण आहे, करणीचा आळ आहे, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देणे आहे. महाराष्ट्रातील हजारो स्त्रियांनी डोक्यावर वाहिलेल्या एका गोष्टीचे नाव मात्र त्यात नाही. ती गोष्ट म्हणजे जट.

२/ जट हा दिसायला केसांचा गुंता. पण दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या याच गुंत्यावरून मुलींच्या आयुष्याची दिशा ठरली. केसांत जट दिसली की देवीने बोलावले, असा अर्थ लावला जाई. तो अर्थ लावणारे घरचे असत, गावचे असत, पण बहुधा ती मुलगी नसे. म्हणून जटेच्या इतिहासात दोन प्रश्न सतत समोर येतात : ही गोष्ट नेमकी काय आहे, हे ओळखायचे कोणी? आणि ओळखल्यावर उपचार करायचा तो कशावर, केसांवर की भीतीवर? या धाग्यात दोन्ही प्रश्नांचा माग घेऊ.

३/ आधी केस समजून घेऊ. त्वचेबाहेर दिसणारा केसाचा दांडा निर्जीव असतो. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आत तंतूंचा गाभा आणि बाहेर अतिशय पातळ खवल्यांचे आवरण. घरावरची कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले; त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. म्हणून मुळाकडून टोकाकडे बोट फिरवले तर केस गुळगुळीत लागतो आणि उलट फिरवले तर किंचित खरखरीत. जटेचे सारे रहस्य या उलटसुलट घर्षणात आहे.

४/ मेंढीच्या लोकरीलाही असेच खवले असतात. लोकर ओली करून, थापून, चोळून नमदा तयार करतात. त्यात ना वीण असते ना टाका. खवले एकमेकांत अडकतात, तंतू एकाच दिशेने सरकत राहतात आणि मागे फिरू शकत नाहीत. एकदा नमदा झाला की त्यातून सुटी लोकर पुन्हा मिळत नाही. माणसाच्या डोक्यावर जट होते ती अशीच. वैद्यकात तिला ‘प्लायका’ म्हणतात. केसाच्या दांड्याच्या ज्या विकृती जन्मतः नसून नंतर उद्भवतात, त्यांत तिची गणना होते.

५/ जट होण्याची कारणे अगदी साधी आहेत. डोक्यावरचे ५० ते १०० केस रोज गळतात. विंचरले नाही तर ते गळून पडत नाहीत, उरलेल्या केसांत अडकून राहतात. त्यांत तेल, घाम, धूळ, कोंडा आणि उवांमुळे खाजवून झालेल्या जखमांतील स्राव मिसळतो. लांब केस, दीर्घ आजारपण, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, मानसिक आजारामुळे स्वतःकडे झालेले दुर्लक्ष, यांपैकी काहीही निमित्त पुरते. रसायनांनी खवले उचकटलेले केस धुताना जोरात चोळले, तर क्वचित एका न्हाण्यातही गुंता घट्ट होतो. केस मात्र मुळाशी वाढतच असतात, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर. त्यामुळे जट ‘वाढते’ आणि पाहणाऱ्याला ती जिवंत वाटते.

६/ केसाच्या दांड्याचे सगळेच विकार असे नंतर होणारे नसतात. १८७९ मध्ये डब्लिनचे डॉक्टर वॉल्टर स्मिथ यांनी माळेतल्या मण्यांसारखे फुगीर आणि बारीक भाग आलटून पालटून असलेल्या केसांची नोंद केली. हा आनुवंशिक विकार पुढे ‘मोनिलेथ्रिक्स’ म्हणून ओळखला गेला. लॅटिनमध्ये ‘मोनिले’ म्हणजे गळ्यातली माळ. १९६२ मध्ये जॉन मेंकेस यांनी बाळांमधील एका गंभीर आजाराचे वर्णन केले. त्यात शरीराला तांबे नीट वापरता येत नाही आणि केस पिळलेले, ठिसूळ होतात. म्हणजे केस कधी कधी खरोखरच शरीराच्या आतली बातमी सांगतो. ती वाचण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. जटेच्या बाबतीत मात्र हे वाचन शतकानुशतके सूक्ष्मदर्शकाविना आणि पूर्ण आत्मविश्वासाने होत राहिले.

७/ जटा माणसाच्या हाताने बनवता येते, हे प्राचीन भारताला ठाऊक होते. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात राम वनवासाला निघताना गुहाकडून वडाचा चीक मागवतो आणि आपल्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा तयार करतो. त्यात ना चमत्कार आहे ना दैवी कौल. राजपुत्राने राजवैभव सोडल्याची ती खूण आहे आणि ती त्याने स्वतः निवडली आहे. साधू, गोसावी, बैरागी यांच्या जटेचा अर्थही साधारण हाच : माझ्या इच्छेने मी संसाराबाहेर पडलो.

८/ स्त्रीच्या डोक्यावरच्या जटेचा अर्थ उलटा लागला. पुरुषाने जटा ‘धारण केली’, स्त्रीला जट ‘आली’. बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीचे ठाणे आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या भागांतून आणि उत्तर कर्नाटकातून तिथे भाविकांची रीघ लागते. या पट्ट्यात केसांतली जट म्हणजे यल्लम्माची हाक, अशी समजूत रुजली. जटेला हळदकुंकू लागे, भंडारा लागे, तेल लागे. विंचरणे बंद, कापणे तर अशक्यच. या पूजेनेच गुंता आणखी घट्ट होई आणि तो घट्ट झाला की देवीचा आग्रह वाढला असे मानले जाई.

९/ पुढची पायरी म्हणजे मुलीला देवीला ‘सोडणे’. गळ्यात माळ, हातात परडी, डोक्यावर देवीचा जग आणि दारोदार जोगवा. देवीशी लग्न लागलेल्या मुलीचे दुसरे लग्न होत नसे. तिच्या देहावर हक्क सांगणारे मात्र अनेक असत. देवीला सोडलेल्या या मुली बहुतांश दलित आणि गरीब कुटुंबांतल्या होत्या. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी साहित्यात आणले. त्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी केलेला ‘जोगवा’ हा २००९ चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या सुलीच्या आयुष्याला वळण मिळते ते केसांत सापडलेल्या जटेमुळेच.

१०/ ही समजूत केवळ आपलीच आहे असे वाटत असेल, तर थोडा वेळ युरोपात जाऊ. पोलंडमध्ये जटेला ‘कोऊतुन’ म्हणत. शरीरातला रोग जटेवाटे बाहेर पडतो आणि ती अवेळी कापली तर माणूस आंधळा होतो, वेडा होतो किंवा मरतो, अशी तिथल्या खेड्यापाड्यांतील श्रद्धा होती. म्हणून लोक ती जपत, कधी मुद्दाम वाढवत. हा प्रकार पोलंडशी इतका जोडला गेला की वैद्यकाच्या लॅटिनमध्ये जटेचे नावच ‘प्लायका पोलोनिका’, म्हणजे पोलिश जट, असे पडले.

११/ या समजुतीत शिकलेले लोकही सामील होते. १५९९ मध्ये पोलंडमधील झामोश्च येथील अकादमीच्या रेक्टरांनी इटलीतील पाडुआ विद्यापीठाला पत्र लिहून या ‘नव्या रोगा’वर सल्ला मागितला. पाडुआचे नामांकित प्राध्यापक एर्कोले सास्सोनिया यांनी १६०० मध्ये जटेवर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे खेड्यातली समजूत विद्यापीठात पोहोचली आणि तिथे तिला लॅटिन नाव, कारणमीमांसा आणि प्रतिष्ठा मिळाली. पुढची दोन शतके युरोपातील डॉक्टर जटेला शरीरातला गंभीर रोग समजूनच वाद घालत राहिले.

१२/ हे चित्र पालटण्यात क्राकोच्या योझेफ दित्ल यांचा वाटा मोठा. ते याग्येलोनियन विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते, पुढे क्राकोचे महापौर झाले. त्यांनी रुग्ण तपासले आणि जट हा स्वतंत्र रोग नसून अस्वच्छता व अंधश्रद्धा यांचा परिणाम आहे असे मांडले. जट बाळगणाऱ्यांवर ते कर बसवणार, अशी अफवाही पसरली. त्या अफवेनेही बऱ्याच जटा उतरल्या असे सांगतात. त्याच विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात सुमारे दीड मीटर लांबीची एक जट आजही जतन केलेली आहे. पोलिश भाषेत ‘कोऊतुन’ हा शब्द संकुचित, बुरसटलेल्या वृत्तीच्या माणसासाठी वापरला जातो.

१३/ तरी वैद्यकही पूर्वग्रहातून सुटले नाही. १८८४ मध्ये ले पेज नावाच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १७ वर्षांच्या एका मुलीच्या केसांचा अचानक झालेला गुंता नोंदवला आणि त्याला मज्जासंस्थेशी जोडणारे नाव दिले. आजही या विकाराला ‘प्लायका न्यूरोपॅथिका’ म्हणतात. सौंदत्तीच्या वाटेवर मुलीच्या केसांत देवी दिसली, लंडनच्या नियतकालिकात मुलीच्या केसांत बिघडलेल्या नसा दिसल्या. खवल्यांच्या घर्षणाचे साधे उत्तर पुढे येण्यास वेळ लागला, कारण मुलीच्या शरीरात काहीतरी गूढ असलेच पाहिजे हे गृहीत दोन्हीकडे होते.

१४/ आता पुन्हा महाराष्ट्रात. इथे जटेवरचा पहिला घाव केसांवर पडला नाही; तो देवदासी प्रथेवर पडला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगतिणी-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई प्रांतात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा आला. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी देवदासी, जोगतिणी, आराधी आणि वाघ्या-मुरळी यांच्या सभेत भाषण केले आणि ते जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. या प्रथेचा भार ज्या जातींवर सर्वांत जास्त होता, त्यांच्याशी त्या जातींतूनच आलेला नेता बोलत होता.

१५/ त्या आवाहनाची पुढची पायरी नागपुरात आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला आणि २२ प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत जुन्या देवदेवतांची उपासना न करण्याची प्रतिज्ञाही होती. जटेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. जो देवीला मानत नाही, त्याच्या मुलीच्या केसांतला गुंता हा केवळ गुंताच असतो. सुधारकांनी जे एकेका घरात जाऊन समजावले असते, ते एका समाजाने स्वतः, सामूहिकपणे, एका दिवशी ठरवले. अर्थात, सीमाभागातील प्रथा त्याने संपली नाही. १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली, १९८२ मध्ये कर्नाटकाने आणि २००५ मध्ये महाराष्ट्राने नवे कायदे केले, ते त्यामुळेच.

१६/ जटेला स्वतंत्र विषय म्हणून हात घातला तो अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीने. या चळवळीचे एक मूळ नागपुरातच आहे : १९८२ मध्ये श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना येथे केली. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. या दुसऱ्या समितीच्या कामात ‘जटनिर्मूलन’ हा शब्द रूढ झाला. पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी तर ते आपले मुख्य काम मानले. त्या स्वतः ब्यूटी पार्लरच्या व्यवसायातून आलेल्या. केस हाताळण्याची सवय असलेला हात इथे उपयोगी पडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७/ जट कापायला कात्री आणि थोडा वेळ पुरतो. त्या क्षणापर्यंत पोहोचायला मात्र काही आठवडे, कधी महिने लागतात. स्त्री म्हणते, नवऱ्याला काही झाले तर? सासू म्हणते, घरावर कोप झाला तर? कार्यकर्ते पुन्हा पुन्हा जातात, आधी जट काढलेल्या बायांशी गाठ घालून देतात, घरच्यांची संमती घेतात. जट उतरल्यावर मान हलकी होते, डोकेदुखी थांबते, उवा-जखमांवर औषध करता येते, रात्री कूस बदलता येते. त्यानंतरचे दिवसही महत्त्वाचे असतात, कारण घरात कोणी साधे आजारी पडले तरी दोष त्या कात्रीवर येऊ शकतो. म्हणून चांगला कार्यकर्ता जट कापल्यानंतरही त्या घरी जात राहतो.

१८/ या कामावर एक गंभीर आक्षेपही आहे. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ल्युसिंडा रॅमबर्ग यांनी उत्तर कर्नाटकातील यल्लम्माच्या जोगतिणींमध्ये राहून अभ्यास केला. २००९ च्या एका लेखात त्यांनी दाखवले की, सुधारणेच्या मोहिमेत जटेला ‘घाण’ ठरवून ती कापली जाते, तेव्हा त्या स्त्रीचे स्वतःच्या देहाविषयीचे आणि देवीविषयीचे म्हणणे बाजूला पडते. आधी देवीच्या नावाने इतरांनी तिच्या केसांचा अर्थ ठरवला, आता स्वच्छतेच्या नावाने पुन्हा इतरांनीच ठरवला. अनेक जोगतिणींना जटेमुळे गावात मान आणि उपजीविका मिळते, हेही या चर्चेत विसरता येत नाही.

१९/ हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. पण त्यामुळे जटनिर्मूलन चुकीचे ठरत नाही. जटेखालची जखम खरी असते, मानेचे दुखणे खरे असते आणि सात-आठ वर्षांच्या मुलीने देवीला वाहून घेण्याची ‘निवड’ केली असे कोणी म्हणू शकत नाही. आक्षेपातून घ्यायचे ते एवढेच की रीत महत्त्वाची. दित्ल यांच्या काळात कराच्या अफवेनेही जटा उतरल्या. भीतीच्या जागी दुसरी भीती आली. समजावून, संमतीने उतरलेल्या जटेत भीती कमी होते आणि निर्णय त्या स्त्रीकडे येतो. मोहिमेच्या छायाचित्रात कापलेली जट दिसते. कात्री लावू का, असे त्या बाईला कोणी विचारले होते का, ते छायाचित्रात दिसत नाही.

२०/ इथे नागपुरात मंजूर झालेल्या कायद्याकडे परत येऊ. या कायद्यासाठी दाभोलकरांनी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा केला; २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये नागपुरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांना भीती घालणे किंवा धमकावणे हा त्यात गुन्हा आहे. त्यामुळे जट कापल्यास वाईट होईल असे धमकावून कोणी बुवा पैसे उकळत असेल, तर ही तरतूद उपयोगी पडू शकते. पण घरातल्या आजीला मनापासून वाटणारी भीती हा गुन्हा नव्हे आणि तो तसा असूही नये. तिथे पोलीस ठाण्याचा उपयोग नाही, उंबऱ्यावर बसून केलेल्या गप्पांचा आहे.

२१/ इतिहास वाचणाऱ्यालाही उपयोगी पडेल असे थोडे व्यवहाराचे. केसांचा गुंता एक-दोन दिवसांचा असेल तर भरपूर कंडिशनर किंवा तेल लावून, टोकाकडून सुरुवात करून, बोटांनी हळूहळू सोडवता येतो. नमद्यासारखा घट्ट झाला असेल तर कापणे हाच सोपा उपाय. मुळे शाबूत असतात, नवे केस पूर्वीसारखेच येतात. केस जागोजाग तुटत असतील, टोकांशी पांढरे ठिपके दिसत असतील, तर सरळ करण्याचे यंत्र, ब्लीच आणि जोराने पुसणे आधी थांबवावे. लहान मुलाचे केस जन्मापासून ठिसूळ, पिळलेले किंवा मणीदार असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नागपूरसारख्या शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही त्वचारोग विभाग असतो. आणि जट असलेली व्यक्ती खिन्न, एकटी, स्वतःकडे पूर्ण दुर्लक्ष करणारी वाटली, तर केसांच्या आधी तिच्या मनाची विचारपूस करावी.

२२/ झामोश्चच्या रेक्टरांनी पत्र लिहिले ते १५९९ मध्ये आणि नागपुरात कायदा मंजूर झाला २०१३ मध्ये. या चारशे वर्षांत केसाच्या खवल्यांची रचना तसूभरही बदलली नाही. बदलले ते केसांचा अर्थ सांगणारे : पुजारी, प्राध्यापक, डॉक्टर, सुधारक, आमदार. आजही एखाद्या गावात आई मुलीची वेणी घालताना मानेजवळ एक घट्ट गाठ तिच्या बोटांना लागते. त्या क्षणी तिच्या हाताशी फणी असेल, शेजारी समजावणारे कोणी असेल आणि मनात भीती नसेल, तर ती गाठ तेवढ्यावरच सुटते. हे घडावे म्हणून झालेल्या प्रयत्नांचा इतिहास म्हणजेच जटेचा इतिहास.

(धागा समाप्त)